एलियन आजार बरे करतात? अपहरणाच्या कथा, अपंगत्व आणि वऱ्हाडातलं ‘बाहेरचं’

२ एप्रिल २०२२. गुढीपाडव्याची संध्याकाळ. अकोला, अमरावती, बुलडाण्यापासून नागपूर-चंद्रपूरपर्यंत लोकांना आकाशात जळत जाणारी ज्वाळांची रांग दिसली. काही मिनिटांत मोबाईलवर व्हिडिओ फिरू लागले. उल्का, विमान, क्षेपणास्त्र, उडती तबकडी असे सगळे तर्क झाले. त्याच रात्री चंद्रपूर जिल्ह्यातल्या लाडबोरी गावात धातूचं मोठं कडं येऊन पडलं. ते चीनच्या ‘लाँग मार्च’ रॉकेटचे अवशेष असावेत, असा निष्कर्ष अभ्यासकांनी काढला आणि एलियनचा विषय तिथेच संपला.

जगात मात्र हा विषय असा संपत नाही. परग्रहावरच्या जिवांनी आपल्याला उचलून नेलं, टेबलावर झोपवलं आणि शरीर तपासलं, असं सांगणारी अनेक माणसं आहेत. त्यातली काही पुढे आणखी एक दावा करतात. परत आल्यावर आमचा जुना आजार गेला, लुळा पाय चालू लागला, जखम भरली.

वऱ्हाडात एलियनने उचलून नेल्याच्या गोष्टी चालत नाहीत. पण आजाराचं कारण आणि इलाज दोन्ही ‘बाहेरून’ येतात, ही समजूत इथे चांगलीच ओळखीची आहे. ‘याले बाहेरचं लागलं’ हे वाक्य अकोला-अमरावतीकडच्या घराघरांत ऐकलेलं असतं. या दोन्ही गोष्टींमध्ये आजारी आणि अपंग माणसाचं काय होतं, ते पाहू.

अपहरणाच्या कथा सुरू कुठून झाल्या?

१९५७ मध्ये ब्राझीलच्या आंतोनियो विलास बोआस या शेतकऱ्याने आपल्याला यानात नेल्याचा दावा केला. पण ही कथा जगभर पोहोचली ती अमेरिकेतल्या बेटी आणि बार्नी हिल या जोडप्यामुळे. १९ सप्टेंबर १९६१ च्या रात्री न्यू हॅम्पशायर राज्यातून गाडीने घरी जाताना आकाशात एक प्रकाश मागे लागला आणि मधल्या काही वेळाचं काहीच आठवेना, असं त्यांनी सांगितलं.

यातली एक बाजू फारशी सांगितली जात नाही. बार्नी आधीपासून आजारी होता. त्याला पोटात अल्सर होता आणि रक्तदाब वाढलेला असायचा. तो कृष्णवर्णीय, बेटी गोरी. त्या काळातल्या अमेरिकेत असं लग्न म्हणजे रोजचा ताण. या त्रासावर इलाज शोधत ते अखेर बोस्टनचे मनोविकारतज्ज्ञ डॉ. बेंजामिन सायमन यांच्याकडे गेले. १९६४ मध्ये डॉक्टरांनी दोघांना संमोहनाखाली बोलतं केलं आणि यानातल्या तपासणीची सविस्तर कथा बाहेर आली. बार्नीची कथा बेटीला पडलेल्या स्वप्नांवरून तयार झाली असावी, असं डॉ. सायमन यांचं मत पडलं. १९६६ मध्ये त्यावर पुस्तक निघालं आणि पुढच्या असंख्य कथांना साचा मिळाला. बार्नीचा १९६९ मध्ये मेंदूतल्या रक्तस्रावाने मृत्यू झाला. तेव्हा तो ४६ वर्षांचा होता.

म्हणजे सर्वांत गाजलेल्या अपहरणकथेची सुरुवातच एका आजारी माणसाच्या दवाखान्याच्या फेऱ्यांमधून झाली.

बरं झाल्याचे दावे

या प्रकारातला सर्वांत प्रसिद्ध दावा फ्रान्सचा आहे. तो ‘डॉक्टर एक्स’ या नावाने ओळखला जातो. हा माणूस स्वतः डॉक्टर होता. १९५८ मध्ये अल्जीरियाच्या युद्धात सुरुंगाच्या स्फोटात तो जखमी झाला आणि त्याच्या शरीराच्या उजव्या बाजूला कायमचा अशक्तपणा आला. नोव्हेंबर १९६८ च्या सुरुवातीला एका रात्री त्याला घराबाहेर दोन चकत्या दिसल्या. त्या एक झाल्या आणि त्यांच्या प्रकाशाचा झोत अंगावर पडला, असं त्याने सांगितलं. त्याआधी काही दिवस कुऱ्हाड लागून त्याच्या पायाला जखम झाली होती. ती जखम आणि युद्धातलं जुनं अपंगत्व, दोन्ही नाहीसं झालं असा त्याचा दावा होता. काही दिवसांनी बेंबीभोवती लाल त्रिकोणही उमटला म्हणे. एमे मिशेल या फ्रेंच लेखकाने हे प्रकरण लिहून प्रसिद्ध केलं. यात अपहरण नाही, पण ‘यान आलं आणि अपंगत्व गेलं’ या कथेचा हा मूळ नमुना मानला जातो.

पुढे १९९६ मध्ये प्रेस्टन डेनेट या अमेरिकन लेखकाने अशा दाव्यांचं एक पुस्तकच काढलं. त्याआधी १९९४ मध्ये हार्वर्ड विद्यापीठातले मनोविकारतज्ज्ञ जॉन मॅक यांनी अपहरणाचा अनुभव सांगणाऱ्यांवर पुस्तक लिहून खळबळ उडवली होती. मॅक यांना चरित्रलेखनासाठी पुलित्झर पुरस्कार मिळालेला होता, त्यामुळे त्यांच्याकडे दुर्लक्ष करणं सोपं नव्हतं. ही माणसं वेडी नाहीत आणि खोटंही बोलत नाहीत, असं त्यांचं म्हणणं होतं.

मग खरं काय?

‘खोटं बोलत नाहीत’ आणि ‘तसं घडलं’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हार्वर्डमध्येच रिचर्ड मॅकनॅली आणि सुझन क्लॅन्सी यांनी अपहरणाचा अनुभव सांगणाऱ्या लोकांचा अभ्यास केला. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात या लोकांना त्यांचाच अनुभव ऐकवण्यात आला. तेव्हा त्यांच्या हृदयाचे ठोके आणि हाताला सुटणारा घाम खऱ्या आघातातून गेलेल्या माणसांसारखाच वाढला. म्हणजे भीती शंभर टक्के खरी होती. तिच्यामागे यान असायलाच हवं, असं मात्र त्यातून सिद्ध होत नाही.

या अनुभवांमागे बऱ्याचदा झोपेतला पक्षाघात असतो, असं संशोधक सांगतात. मेंदू जागा होतो, पण शरीर अजून झोपेच्या कुलपात असतं. हात-पाय हलत नाहीत, छातीवर दाब येतो, खोलीत कुणीतरी आहे असं वाटतं. अमेरिकेतला माणूस त्याला एलियन म्हणतो. आपल्याकडे ‘छातीवर कुणीतरी येऊन बसलं’ म्हणतात. अनुभव एकच, त्याला नाव गावाप्रमाणे मिळतं.

बरं होण्याचंही असंच आहे. बरेच आजार आपोआप कमी-जास्त होतात आणि माणूस इलाजाला धावतो ते त्रास शिगेला असताना. त्यानंतर जे काही केलं, त्याला श्रेय मिळतं. दुखणं, थकवा, झोप न येणं यांवर विश्वासाचाही परिणाम होतो. काही वेळा नस, स्नायू, हाड ठीक असूनही मेंदू आणि शरीर यांच्यातला संदेश अडकतो आणि माणसाला चालता येत नाही, बोलता येत नाही. हा खरा आजार आहे, नाटक नव्हे. धक्का, दिलासा किंवा योग्य उपचाराने तो अचानक सुटू शकतो. बघणाऱ्याला तो चमत्कार वाटतो. पण तुटलेला पाय पुन्हा उगवल्याचं वैद्यकीय नोंदींनी सिद्ध झालेलं एकही उदाहरण या कथांच्या ढिगाऱ्यात नाही.

एलियनच्या आधी कोण न्यायचं?

युरोपात एलियन यायच्या आधी हे काम पऱ्या करायच्या. जन्मतः व्यंग असलेलं किंवा उशिरा बोलणारं मूल ‘आपलं’ नाहीच, पऱ्यांनी आपलं मूल नेलं आणि हे बदलून ठेवलं, अशी समजूत होती. खरं मूल परत यावं म्हणून या मुलांना उपाशी ठेवणं, आगीजवळ धरणं असे प्रकार होत.

१८९५ मध्ये आयर्लंडच्या टिपरेरी भागात ब्रिजेट क्लिअरी ही तरुणी आजारी पडली. ही माझी बायको नाही, पऱ्यांनी बदललेली बाई आहे, असं म्हणत नवऱ्याने तिला जाळलं. ती मेली. नवऱ्याला सदोष मनुष्यवधाबद्दल शिक्षा झाली. पऱ्यांच्या आणि तबकड्यांच्या गोष्टींतलं हे साम्य जाक व्हाले या संशोधकाने १९६९ मध्येच पुस्तक लिहून दाखवलं होतं.

गोष्टीची भीती इथे आहे. ‘बाहेरच्याने केलं’ म्हटलं की समोरचा आजारी माणूस माणूस राहत नाही. तो बाहेरच्याचा ताबा असलेली जागा होतो. मग त्याच्यावर काहीही करायची मुभा मिळते.

वऱ्हाडातलं ‘बाहेरचं’

आता आपल्याकडे येऊ. वऱ्हाड म्हणजे अमरावती, अकोला, बुलडाणा, यवतमाळ आणि १९९८ मध्ये अकोल्यातून वेगळा झालेला वाशिम. इथे फिट येणं, अचानक बडबड सुरू होणं, मूल न बोलणं, लकवा मारणं यांवर पहिला अंदाज अनेकदा ‘बाहेरचं’ असाच असतो. मग अंगारा, गंडा-दोरा, झाडफूक. बुलडाणा जिल्ह्यातल्या पिंपळगाव सराईजवळच्या सैलानी बाबांच्या दर्ग्यावर सगळ्या धर्मांची कुटुंबं आपल्या मनोरुग्णांना घेऊन येतात. होळीच्या सुमाराला तिथे मोठी यात्रा भरते आणि नारळांची होळी पेटते.

लोक तिथे का जातात, हे समजून घ्यायला हवं. ते निव्वळ अडाणीपण नाही. विदर्भासाठीचं प्रादेशिक मनोरुग्णालय नागपुरात आहे, अकोल्याहून सुमारे अडीचशे किलोमीटर. वेड्यांच्या दवाखान्यात नेलं म्हटलं की घरातल्या पोरीबाळींची लग्नं अडतात, ही भीती वेगळीच. ‘बाहेरचं’ म्हटलं तर दोष कुणाच्या डोक्याचा नसतो, रक्ताचा नसतो. कुटुंबाची अब्रू राहते. त्या गर्दीत आपल्यासारखेच दुसरेही आहेत, हे पाहून थोडा धीरही येतो.

या धीराची किंमत बऱ्याचदा बायका मोजतात. मानववंशशास्त्रज्ञ विएडा स्कल्टन्स यांनी महाराष्ट्रातल्या एका महानुभाव मंदिरात आजार घेऊन येणाऱ्या कुटुंबांचा अभ्यास केला आणि तो १९८७ मध्ये प्रसिद्ध झाला. घरातल्या मनोरुग्णासोबत राहणाऱ्या आया-बायकाच अंगात येऊन घुमत असल्याचं त्यांना दिसलं. घरच्याचं दुखणं आपल्यावर घ्यावं, अशी त्यामागची भावना होती. मूल अपंग जन्मलं की आधी आईकडे बोट जातं, हे ज्यांनी पाहिलंय त्यांना यात नवल वाटणार नाही.

सगळ्यात जास्त सोसावं लागतं ते मात्र ज्याला बोलता येत नाही त्याला. अमरावती जिल्ह्यातल्या मेळघाटात पोट फुगलेल्या, श्वास लागलेल्या बाळाच्या पोटावर तापलेल्या लोखंडाने चटके देण्याची जुनी प्रथा आहे. तिला ‘डंबा’ म्हणतात. फेब्रुवारी २०२५ मध्ये चिखलदरा तालुक्यात अवघ्या २२ दिवसांच्या बाळाला असे ६५ चटके दिल्याचं उघड झालं. बाळाला दवाखान्यात हलवावं लागलं. चटके देणाऱ्यांना बाळ वाचवायचंच असतं. पण श्वासाचा त्रास असलेल्या बाळाला ऑक्सिजन आणि डॉक्टर हवा असतो, आणि त्यातला वेळ चटक्यात जातो.

डोळे गेले, म्हणून दिव्य दृष्टी?

या समजुतीची दुसरी, सौम्य बाजूही वऱ्हाडात दिसते. १८८१ मध्ये अमरावती जिल्ह्यातल्या लोणी टाकळीत जन्मलेले आणि माधानला वाढलेले संत गुलाबराव महाराज नऊ महिन्यांचे असताना अंध झाले. उण्यापुऱ्या ३४ वर्षांच्या आयुष्यात त्यांनी शंभराहून अधिक ग्रंथ रचले. लोक त्यांना ‘प्रज्ञाचक्षू’ म्हणतात.

त्यांची बुद्धी विलक्षण होती. पण ग्रंथ वाचून दाखवणारी आणि त्यांनी सांगितलेलं लिहून घेणारी माणसं सोबत नसती, तर ते कागदावर कसं उतरलं असतं? चमत्काराच्या गोष्टीत ही माणसं दिसत नाहीत. अंध माणूस एक तर बिचारा असतो किंवा देवाने निवडलेला. वाचून दाखवणारा माणूस, ब्रेल किंवा आजचा बोलणारा मोबाईल मिळाला तर शिकणारा साधा विद्यार्थीही अंध असू शकतो, हे राहून जातं.

‘दिव्य शक्ती’ची ही समजूत पैसे कमवायलाही वापरली जाते. म्हणूनच महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात त्यासाठी वेगळं कलम आहे. मतिमंद व्यक्तीमध्ये अलौकिक शक्ती असल्याचं भासवून तिचा धंद्यासाठी वापर करणं हा गुन्हा आहे. साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्याला दवाखान्यात जाण्यापासून रोखून मंत्र-गंडेदोरे करणंही गुन्हा आहे. शिक्षा सहा महिने ते सात वर्षे आणि पाच हजार ते पन्नास हजार रुपये दंड. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची २० ऑगस्ट २०१३ रोजी हत्या झाली, त्यानंतर काही दिवसांतच या कायद्याचा वटहुकूम निघाला होता. वारी, कीर्तन, प्रार्थना, देवदर्शन यांना हा कायदा हात लावत नाही.

अमरावतीत कुणी काय बदललं?

कुष्ठरोग हा एकेकाळी वऱ्हाडातला सर्वांत मोठा ‘शाप’ होता. पूर्वजन्मीचं पाप म्हणून रोग्याला गावाबाहेर काढायचे. १९४६ मध्ये डॉ. शिवाजीराव पटवर्धन यांनी अमरावतीजवळ तपोवनची वसाहत सुरू केली. तिथे रोग्यांना औषध मिळालंच, शिवाय हाताला काम आणि राहायला हक्काची जागा मिळाली. याच जिल्ह्यात जन्मलेले गाडगेबाबा कुष्ठरोगी आणि अपंगांची सेवा करत होते आणि त्याच वेळी कीर्तनातून नवस, अंगात येणं, पशुबळी यांवर कोरडे ओढत होते. त्यांच्यात श्रद्धा होती, पण तिने माणसाला डॉक्टरपासून तोडलं नाही.

१९८१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने कुष्ठरोगासाठी बहुविध औषधोपचाराची शिफारस केली. ठरावीक महिने गोळ्या घेतल्या की हा रोग बरा होतो आणि त्या सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात. पण उशीर झाला असेल तर बधिर झालेली बोटं गोळ्यांनी परत येत नाहीत. म्हणून २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांमध्ये ‘कुष्ठरोगातून बरे झालेले’ अशीही नोंद आहे. रोग गेला तरी अपंगत्व राहू शकतं आणि त्या माणसाला हक्क मिळायला हवेत, हे त्यात मान्य केलेलं आहे. एलियनच्या गोष्टीत असं कधी होत नाही. तिथे माणूस एक तर पूर्ण बरा होतो, नाहीतर गोष्टीतून गायब होतो.

अमरावती जिल्ह्यातच परतवाड्याजवळच्या वझ्झर इथे शंकरबाबा पापळकर यांनी रस्त्यावर, रेल्वे स्थानकांवर टाकून दिलेल्या शंभराहून अधिक दिव्यांग मुलांना वाढवलं. वडिलांच्या जागी ही मुलं त्यांचंच नाव लावतात. १८ वर्षं झाली की बालगृह सोडायचं, हा नियम अशा मुलांना लावू नका, अशी त्यांची जुनी मागणी आहे. २०२४ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्याच वर्षी इथे वाढलेल्या एका अंध तरुणीने एमपीएससीची परीक्षा पास केली. तिचे डोळे कुणी बरे केले नाहीत. तिला शाळा, पुस्तकं आणि घर मिळालं.

विचारलं का?

अपहरणाच्या कथा एकामागून एक वाचल्या की एक गोष्ट खटकते. टेबलावर झोपवलेल्या माणसाला कुणी काहीच विचारत नाही. तुझं काय दुखतं, तुला काय हवं, हात लावू का, असं काही नाही. झाडफूक करणाऱ्यासमोर आणून बसवलेल्या मुलीलाही कुणी विचारत नाही. प्रश्न विचारले जातात ते तिच्या अंगातल्या ‘बाहेरच्याला’. खरं तर घाईत असलेल्या डॉक्टरसमोरही हेच घडू शकतं, जेव्हा सगळं बोलणं सोबत आलेल्या काकांशी होतं आणि व्हीलचेअरवरचा माणूस ऐकत राहतो.

६ ऑगस्ट २००१ रोजी तमिळनाडूतल्या एरवाडी इथे दर्ग्याजवळच्या खासगी आश्रयगृहाला आग लागली. साखळीने बांधलेले मनोरुग्ण पळू शकले नाहीत. २८ जण गेले. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने रुग्णाला कोणत्याही प्रकारे साखळीने बांधण्यावर बंदी घातली. आपल्यावर कोणते उपचार व्हावेत आणि कोणते नकोत, हे आधीच लिहून ठेवायचा हक्कही त्याच कायद्याने दिला.

‘बरं झालं’चा व्हिडिओ आला तर?

पुढे पाठवण्याआधी एवढं तपासा:

– आजार कोणता होता, कुणी आणि कधी तपासला? ‘डॉक्टरांनी हात टेकले’ ही वैद्यकीय नोंद नव्हे.
– सहा महिन्यांनी तो माणूस कसा आहे? व्हिडिओ त्याच दिवसाचा असतो.
– चालू असलेली गोळी बंद करायला सांगितलं का? फिटची किंवा मानसिक आजाराची औषधं अचानक थांबवणं जिवावर बेतू शकतं.
– अंधत्व, बहिरेपणा, लकवा, फिट, कुष्ठरोग बरा करण्याची जाहिरात आहे का? १९५४ च्या औषधे आणि जादुई उपचार कायद्यानुसार अशा जाहिरातींवर बंदी आहे.
– व्हिडिओतला माणूस स्वतः बोलतोय की सगळे त्याच्याबद्दल बोलताहेत?

मनाचा त्रास असेल तर १४४१६ हा ‘टेलि-मानस’चा मोफत सरकारी क्रमांक चोवीस तास सुरू असतो आणि मराठीतही बोलता येतं. अपंगत्वाचं प्रमाणपत्र आणि ‘यूडीआयडी’ कार्ड यासाठी ऑनलाइन अर्ज करता येतो, तपासणी सरकारी रुग्णालयात होते. दर्ग्याला किंवा देवळात जायचं असेल तर जरूर जा. फक्त गोळ्यांची चिठ्ठी सोबत ठेवा, आणि ज्याच्यासाठी जाताय त्याला यायचंय का, ते आधी त्यालाच विचारा.